इंजिन न उतरवता : झिजलेल्या ब्लॉकची गोष्ट

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही ट्रक गॅरेजबाहेर घटकाभर उभे राहा, ‘हाफ इंजिन’ आणि ‘फुल इंजिन’ हे शब्द कानावर येतातच. फुल म्हणजे इंजिन चेनपुलीने उचलून ब्लॉक मशिनशॉपला पाठवायचा. हाफ म्हणजे इंजिन चॅसिसवरच ठेवून वरून हेड, खालून चेंबर उघडायचे आणि पिस्टन-लायनर बदलायचे. पण ब्लॉकच झिजला असेल तर हाफमध्ये भागते का?

मी इंजिनिअर नाही. हा प्रश्न घरातून आला. काकांच्या ट्रकला नवे लायनर बसवून महिना झाला नव्हता, तोच घाटात पाणी उकळले. डिपस्टिक काढली तर ऑइल दुधासारखे. गॅसकेट बदलली, पुन्हा तेच. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नव्हते. गॅसकेट हलकी, असे आम्हाला सांगण्यात आले. तिचा काही दोष नव्हता.

अशा इंजिनात लायनरभोवती थेट पाणी खेळते. त्याला वेट लायनर म्हणतात. लायनर वरच्या कॉलरवर, ब्लॉकमध्ये कातलेल्या खाचेत लटकलेला असतो. प्रत्येक स्फोटागणिक कॉलर त्या बैठकीवर किंचित घासते. लाखो किलोमीटरनंतर बीड खाल्ले जाते, तेही सगळीकडे सारखे नाही. कॉलर ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा जराशी वर राहायला हवी, तरच हेड आवळल्यावर गॅसकेट तिथे घट्ट दाबली जाते. कमिन्सच्या एनटी ८५५ इंजिनात हे माप तीन ते सहा थाऊ, म्हणजे ०.०८ ते ०.१५ मिलिमीटर. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो, यावरून कल्पना करा. काकांच्या ट्रकचे दोन लायनर पृष्ठभागाच्या खाली बसले होते. डायल गेज कुणी लावलाच नव्हता.

नुसती शिम टाकून हे भागत नाही. वाकड्या बैठकीवर शिम टाकली की कॉलर एका बाजूने टेकते आणि हेड आवळताना तडकते. बैठक आधी सपाट करावी लागते, आणि ते काम चॅसिसवर होते. ब्लॉकच्या माथ्यावर हातकटर बोल्टने बसवतात, बोअरच्या मध्याशी जुळवतात आणि हाताने फिरवत पातळ थर काढतात. बैठक सगळीकडून चकाकली की थांबायचे. जितके कापले आणि जितके कमी पडत होते, तेवढ्या जाडीची शिम. मग ओ-रिंगशिवाय लायनर बसवून, बोल्ट-वॉशरने दाबून, चार ठिकाणी माप घ्यायचे. चारांतला फरक एका थाऊच्या आत हवा.

कटर माथ्यावर टेकतो, म्हणून माथा आधी सरळपट्टी आणि फिलर गेजने तपासायचा. माथाच वाकडा असेल तर कटर तो वाकडेपणा बैठकीत उतरवतो. आणि बीडाचा चुरा! तो बेअरिंगमध्ये गेला तर पॉलिश पेपरचे काम करतो. क्रँकची ऑइलची भोके बुजवायची, खाली ग्रीस लावलेले फडके पसरायचे. घाईत हीच पायरी गाळली जाते.

पंचगंगेच्या काठी उसाला पाणी पाजणारी ऑइल इंजिने दुरुस्त करत इथल्या मेस्त्र्यांचा हात बसला. त्या हातावर माझा विश्वास आहे. पण थाऊ डोळ्यांना दिसत नाही. ब्लॉकला तडा असेल, मेन बेअरिंगची रांग सरकली असेल किंवा खालचा ओ-रिंगचा भाग गंजून खोल खाल्ला असेल, तर हट्ट सोडून इंजिन उतरवावे.

काकांचा ट्रक तिसऱ्यांदा उघडला तेव्हा बैठका कापल्या, मापे चार-साडेचार थाऊ आली. त्या दिवसापासून ओळखीच्या कुणाचेही इंजिन उघडले की हेड बसण्यापूर्वी सगळे आकडे खडूने चॅसिसवर लिहायला लावतो. काही मेस्त्री हसतात, पण लिहितात.