काळी रेघ आणि निर्दोष ड्रम

झेरॉक्सवर उभी काळी रेघ उमटू लागली, की दुरुस्तीवाला पुष्कळदा ड्रम (प्रकाशाने प्रतिमा धरणारे नळकांडे) बदलून मोकळा होतो. रेघ मात्र तशीच राहते. कारण फीडरमधून (कागद आपोआप ओढणारी झाकणावरची सोय) प्रत काढताना स्कॅनर स्थिर असतो आणि कागद एका अरुंद काचपट्टीवरून सरकतो. पट्टीवर व्हाइटनरचा कण चिकटला, तर कागद पुढे जाईल तसतसा तो पुन्हा पुन्हा टिपला जातो. शिलाई मशीनची सुई जागच्या जागी वरखाली होते, कापड सरकते आणि टाक्यांची ओळ पडते, तसेच हे.

ड्रमवर ओरखडा असूच शकतो, हा आक्षेप रास्त आहे. पण मग संगणकावरून दिलेल्या प्रिंटवरही रेघ यायला हवी, कारण प्रिंटही त्याच ड्रमवरून निघते; या काचेशी मात्र तिचा संबंधच नसतो. शिवाय तोच कागद मोठ्या काचेवर ठेवून पाहावा. तिथे स्कॅनर स्वतः फिरतो आणि पट्टीवरचा कण वाटेत येत नाही, त्यामुळे रेघ जाते; मोठ्या काचेवर डाग असला तरी त्याचा ठिपकाच उमटतो. ड्रम बदलण्याच्या या चुकीला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल: मोठी काच लखलखीत पुसलेली दिसते, तिच्या कडेची ही चिंचोळी पट्टी नजरेतून सहज निसटते.