दोघींची नाव, तीन वर्षांची तयारी

सीपरी बाजारातून किराणा आणताना मीठ विसरलं, तर तुम्ही पुन्हा चक्कर मारता. भर समुद्रात दुकान कुठलं? नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीतून जगप्रदक्षिणेला निघाल्या. पुढचं दुकान पाच आठवड्यांनी, ऑस्ट्रेलियात! म्हणून तयारी तीन वर्षांची. आधी चमूसोबत केपटाउन-रिओ शर्यत, मग दोघींचीच गोवा-मॉरिशस सफर. शीड, यंत्र, हवामान, प्रथमोपचार, सगळं दोघींनाही यायलाच हवं. कारण एक झोपली की बोट दुसरीच्या हाती. २९ मे २०२५ला त्या सुखरूप परतल्या. तुम्हीही मोठ्या कामाआधी स्वतःला विचारा: जोडीदार आजारी पडला, तर मला एकट्याने निभावता येईल?