वाकळ शिवणाऱ्या हातांविषयी थोडेसे



बेणे बदला, सरी रुंद ठेवा, पाचट पेटवू नका, असे या पानावर आम्ही नेहमी सांगत असतो. या खेपेस विषय घरातला आहे. शेतकी खात्याच्या माणसाने वाकळेवर लिहावे याचे काहींना हसू येईल. येवो.

गेल्या उन्हाळ्यात खोडव्याच्या पाहणीसाठी एका सभासदाच्या वस्तीवर गेलो होतो. ओसरीवर त्यांची आई वाकळ शिवीत बसली होती. सभासद म्हणाले, "साहेब, म्हातारीला जरा सांगा. डोळं गेलं, कंबर गेली, तरी सुई सुटत न्हाई. बाजारात ब्लँकेटं काय कमी हाईत? समदं गाठोडं बोहारणीला घालावं म्हणतो." म्हातारी काही बोलली नाही, सुईत दोरा ओवीत राहिली. तिच्यासमोर आम्हीही गप्प बसलो, कारण हेच वाक्य आम्ही स्वतः एकदा उच्चारलेले होते. मोटारसायकलपाशी आल्यावर मात्र त्यांना आमचीच गोष्ट सांगितली.

२००४ साली आमचे वडील गेले. आम्ही नुकतेच डिप्लोमा करून नोकरीला लागलेलो. आईला झोप येईना, पहाटे तीनलाच उठून बसायची. महिन्याभराने तिने वडिलांची धोतरे, दोन सदरे आणि आपली जुनी लुगडी काढून ओसरीवर पसरली. आम्ही पडलो शिकलेले! "हे कशाला आता? मी सोलापुरी चादर आणतो," म्हणून सगळे गुंडाळून माळ्यावर टाकले, आणि पगार होताच चादर आणलीसुद्धा. आई भिंतीकडे बघत बसू लागली. शेवटी आत्या आली. तिने आम्हांला चार शब्द सुनावले, गाठोडे खाली काढायला लावले, आणि दोघी नणंद-भावजय समोरासमोर बसल्या.

वाकळेवर दोन बायका बसल्या की एकमेकींच्या तोंडाकडे बघावे लागत नाही. नजर सुईवर असते, म्हणून जे एरवी बोलता येत नाही ते बोलले जाते. दवाखान्यातले वडिलांचे शेवटचे चार दिवस आईने आत्याला असेच सांगितले. आम्हांला तिने ते कधी सांगितले नव्हते. वाकळ पुरी व्हायला दीड महिना गेला. झोप काही लगेच आली नाही, पण पहाट तीनची पाच झाली.

ज्यांनी शिवताना नीट पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खाली लुगडे अंथरायचे, त्यावर जुन्या कापडांचे थर लावायचे, वर पुन्हा धड कापड, आणि कडेपासून धावदोरा घालीत फेऱ्याफेऱ्याने मध्याकडे यायचे. टाका सारखाच असतो, म्हणून हात आपोआप चालतो आणि डोक्यातले विचार हाताच्या चालीने जरा हळू होतात. शिवाय आपल्या धंद्यात आज केलेले आज दिसत नाही. आडसाली लावली की सोळा-अठरा महिने थांबायचे, मग तोडीची वाट, मग बिलाची. वाकळेची एक ओळ मात्र संध्याकाळपर्यंत पुरी होते आणि ती कोणी उसवीत नाही. जिच्या हातात घरातले दुसरे काहीच नसते, तिला या ओळीचे मोल आपल्यापेक्षा जास्त कळते.

ऊसतोडीच्या टोळीतल्या बायकांना बसायला उसंत कुठली? पण कारखान्यात बिघाड होऊन तोड थांबली की कोपीच्या दारात सुया निघतात, हे आम्ही कित्येक हंगाम पाहिले आहे.

हे इथलेच आहे असेही नाही. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना दवाखान्यात भरतकाम आणि विणकाम शिकवीत. इंग्लंडात तर १९१८ साली अपंग सैनिकांसाठी भरतकामाचा उद्योगच निघाला. मिशीवाले शिपाई गडी सुई घेऊन बसत, तेव्हा हे बायकी काम म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा. २०१३ साली इंग्लंडातील एका नियतकालिकात ३,५४५ विणकाम करणाऱ्यांची पाहणी छापून आली. जे वारंवार विणतात त्यांनी मन शांत आणि आनंदी वाटते असे सांगितले. आता, विणायची आवड असलेल्यांनाच विचारल्यावर ते दुसरे काय सांगणार, हेही खरे.

तेव्हा वाकळ हे औषध आहे असे आम्ही म्हणत नाही. घरात कोणी आठवडेच्या आठवडे जेवत नसेल, झोपत नसेल, जीव नकोसा झाल्याचे बोलत असेल, तर डॉक्टरांकडे न्यावे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा फोनही आहे, त्याला पैसे पडत नाहीत. पण ज्या हातांना सुई हवी आहे, त्यांच्यापुढून गाठोडे उचलू नका. बोहारणीला कपडे घालण्याआधी घरातल्या म्हातारीला विचारा, आणि तिला उजेडात बसायला जागा द्या.

परवा त्या वस्तीवर पुन्हा जाणे झाले. गाठोडे होते तिथेच होते, आणि म्हातारीच्या नाकावर नवा चष्मा होता. सभासद म्हणाले, "चष्मा हाय, पर दोरा ओवायला जमत न्हाई. म्या रातच्याला आठ-दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवतो. दिवसभर पुरत्यात." खोडव्याला खताचा दुसरा हप्ता मात्र अजून पडला नव्हता. त्याबद्दल आम्ही तिथल्या तिथे बोललो.