चिंचिलाचें दुखणें कसें ओळखावें?

ज्यास बोलतां येतें तो पोट दुखूं लागल्याबरोबर आईस हांक मारतो. कुत्रा कण्हतो, मांजर ओरडतें. परंतु कांहीं प्राणी असे आहेत कीं, दुखणें विकोपास जाईपर्यंत ते निरोग्याप्रमाणेंच बसून राहतात. चिंचिला हा त्यांपैकींच एक. 'काल तर चांगला होता, आज अचानक गेला,' असे उद्गार तो पाळणाऱ्यांच्या तोंडून निघतात. ह्या 'अचानक' शब्दांत कितपत तथ्य आहे, हें आम्ही येथें सांगूं इच्छितों.

चिंचिला हा उंदीर-खारींच्या वर्गांतील, सशासारखा गुबगुबीत दिसणारा, सुमारें ४०० ते ८०० ग्रॅम वजनाचा प्राणी होय. त्याचें मूळ घर दक्षिण अमेरिकेंत, अँडीज पर्वताच्या थंड, कोरड्या व खडकाळ उतारांवर आहे. तेथील थंडी सोसण्यासाठीं त्यास इतकी दाट लोकर असते कीं, त्वचेच्या एकेका छिद्रांतून पन्नासाहून अधिक केंस निघतात. ह्या लोकरीपायींच त्याची बेसुमार शिकार झाली, व रानटी चिंचिला आज फार थोडे उरले आहेत. १९२३ सालीं मथायस चॅपमन ह्या अमेरिकन गृहस्थानें अकरा चिंचिला चिलीहून कॅलिफोर्नियास नेले. आजच्या पाळीव चिंचिलांपैकीं बहुतेक त्यांचेच वंशज समजले जातात. रानांत कोल्हा व घुबड हे त्याचे शत्रु. जो दुबळा दिसेल तो प्रथम बळी पडावयाचा. म्हणून दुबळेपणा लपविण्याची सवय त्याच्या अंगीं मुरली आहे, व ती पिंजऱ्यांतही सुटत नाहीं.

तेव्हां त्याची परीक्षा त्याच्या नित्यक्रमावरून करावी. आहार, लेंड्या आणि वजन ह्या तीन गोष्टींवर लक्ष ठेवावें. गवत रोजच्याइतकें संपलें कीं नाहीं, हें सकाळ-संध्याकाळ पाहावें. लेंड्या कोरड्या, घट्ट व पुष्कळ असाव्यात. त्या बारीक व थोड्या होऊं लागल्या तर आंतडीं मंदावलीं असें समजावें. आठवड्यांतून एकदां लहान तराजूवर वजन करून तें वहींत टिपावें, कारण दाट लोकरीखालीं उतरलेलें अंग डोळ्यांस दिसत नाहीं. चिंचिलास वांति होत नाहीं व त्याचीं आंतडीं सतत चालूं राहावीं लागतात. म्हणून त्यानें अर्धा दिवस कांहींच खाल्लें नाहीं, किंवा लेंड्या बंद झाल्या, तर 'उद्यां पाहूं' असें म्हणूं नये. त्याच दिवशीं पशुवैद्य गांठावा.

दुसरें दुखणें दांतांचें. चिंचिलाचे सर्व दांत जन्मभर वाढतात, व गवत चघळून चघळूनच ते झिजतात. नुसते दाणे व गोड फळें घातलीं तर दाढा वाढून गालांस व जिभेस रुततात. हनुवटी लाळेनें ओली राहणें, घांस उचलून खालीं टाकणें, डोळ्यांतून पाणी गळणें हीं त्याचीं चिन्हें होत. पुढील दांत नारिंगी-पिवळे असतात; त्यास रोग समजूं नये. वाढलेले दांत मात्र घरीं कापूं नयेत.

तिसरा शत्रु उष्मा. हवा सुमारें २५ अंश सेल्सिअसच्या वर गेली कीं त्यास त्रास होऊं लागतो, व दमटपणा असल्यास तो अधिकच वाढतो. कान लाल व गरम होणें, धापा टाकणें, अंग पसरून निपचित पडणें हीं उष्माघाताचीं लक्षणें होत. अशा वेळीं त्यास थंड खोलींत न्यावें, कानांस व पायांस गार पाण्यानें भिजविलेलें फडकें लावावें व तत्काळ पशुवैद्याकडे जावें. बर्फाच्या पाण्यांत बुडवूं नये. विदर्भाचा उन्हाळा व कोंकणांतील दमट हवा लक्षांत घेतां, ज्या घरांत खोली थंड ठेवण्याची सोय नाहीं तेथें हा प्राणी आणूं नये, असें आम्हांस स्पष्ट सांगावेंसें वाटतें.

नाक, कान व डोळे यांभोंवतीं केंस जाऊन खवले दिसल्यास गजकर्णाची शंका घ्यावी. तें माणसांसही होतें, म्हणून हात स्वच्छ धुवावे. परंतु घाबरलेल्या चिंचिलास घट्ट धरल्यास केंसांचा झुबका हातांत येतो, तो रोग नव्हे. शत्रूच्या तावडींतून निसटण्याची ती त्याची युक्ति आहे. त्यास पाण्यानें न्हाऊं घालूं नये. आठवड्यांतून दोन-तीनदां बारीक धुळींत दहा-पंधरा मिनिटें लोळूं द्यावें.

माणसाचें उरलेलें औषध त्यास कधींही देऊं नये. पेनिसिलीनसारखीं औषधें पोटांत गेल्यास आंतड्यांतील उपयुक्त जंतु नष्ट होऊन प्राणीच दगावूं शकतो. पशुवैद्याकडे नेतांना हवा खेळेल अशा पेटींत गवत घालावें, वरून कापड टाकावें, व वजनाची वही बरोबर घ्यावी. लहान प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य जवळपास कोठें आहे, याची चौकशी प्राणी घरीं आणण्यापूर्वींच पालकांनीं करावी.

चिंचिला दहा ते पंधरा वर्षें, क्वचित् त्याहूनही अधिक जगतो. पांचवींतील मुलानें हौसेनें आणलेला प्राणी तो पदवीधर होईपर्यंत घरांत असावयाचा. तितकीं वर्षें रोज गवत व लेंड्या पाहण्याची, आणि दर आठवड्यास वजन टिपण्याची तयारी आहे काय, हें मुलांनीं आधीं स्वतःस विचारावें. तयारी असेल, तर त्या वहींतील उतरते आंकडेच दुखण्याची सूचना वेळेवर देतील, आणि 'अचानक' हा शब्द उच्चारण्याची पाळी बहुधा येणार नाहीं.