विश्लेषण : गुडघाभर पाण्यातही माणूस का वाहून जातो? वर्ध्याहून कोकणातल्या धबधब्यांकडे निघण्यापूर्वी…

जुलै उजाडला की वर्ध्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मालवण-वेंगुर्ल्याचे बेत शिजू लागतात. नागपूर-मडगाव विशेष रेल्वे वर्ध्याला थांबते, त्यामुळे प्रवासही सोपा झाला आहे. पण पावसाळ्यात कोकणात पोहोचल्यावर पहिली गोष्ट कळते ती म्हणजे समुद्र खवळलेला आहे आणि स्कुबा, बोटिंग सगळे बंद आहे. मग हॉटेलवाला सांगतो, ‘धबधब्यावर जाऊन या.’ गाडी आंबोलीकडे, नाही तर कणकवलीजवळच्या सावडावकडे वळते.

अडचण इथेच सुरू होते. आपल्याला पाणी ओळखता येते ते सपाटीवरचे.

वर्ध्याची सवय घाटात का चालत नाही?

वर्धा शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटर उंचीवर आहे आणि जिल्ह्यात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पवनारला धाम नदीचा पूर आपण लहानपणापासून पाहतो. पाणी चढते, पण बहुतेक वेळा ते चढताना दिसते, आणि काठावरची माणसे मागे सरकतात. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि हे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून थोड्याच अंतरात खाली कोसळते.

एक साधा हिशेब करू. धबधब्याच्या माथ्यावर फक्त एक चौरस किलोमीटरचे पाणलोट क्षेत्र आहे असे समजा. तिथे तासाभरात ५० मिमी पाऊस झाला, तर ५ कोटी लिटर पाणी पडले. खडक उघडा आणि माती आधीच भिजलेली असल्याने त्यातले बरेचसे लगेच ओढ्यात उतरते. खाली तुमच्या डोक्यावर कदाचित ऊन असेल. पाऊस वरच्या पठारावर पडलेला असतो.

पाण्याचा जोर किती असतो?

प्रवाहाचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या दोन पायांवर, सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे पाणी ढोबळमानाने आठ किलो वजनाएवढे रेटते. वेग दोन मीटर झाला की हा रेटा तेहतीस किलोंवर जातो, आणि तीन मीटर झाला की पंचाहत्तर किलोंच्या आसपास. म्हणजे एखादा धडधाकट माणूस तुमच्या पायांवर रेलून ढकलतो आहे असे समजा, तेही शेवाळलेल्या कातळावर, चपला घालून. हात धरून साखळी केली तरी एक घसरला की बाकीचे ओढले जातात.

धबधब्याखालच्या डोहाचे वेगळेच आहे. कोसळणाऱ्या पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असतात, त्यामुळे ते पाणी माणसाला नीट तरंगवत नाही. शिवाय खालचा भोवरा पुन्हा धारेकडेच ओढतो. विहिरीत पोहायला शिकलेल्यांना याचा अंदाज नसतो, आणि विदर्भातले बहुतेक पट्टीचे पोहणारे विहिरीतच तयार झालेले असतात.

आजवर काय घडले?

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात चार मुले होती. पाणी वाढत असताना ते प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभे असल्याचा व्हिडिओ देशभर पाहिला गेला. दोनच आठवड्यांनी माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्याजवळ रील चित्रित करताना एक तरुणी दरीत कोसळून गेली. आंबोलीजवळच्या कावळेसाद पॉइंटवर २०१७ मध्ये दोन तरुण कठडा ओलांडून दरीत पडले होते. इथे पाण्याचाही संबंध नव्हता.

आणि हे सगळे घाटातच घडते असे समजण्याचे कारण नाही. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात वरुड तालुक्यातल्या झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांना जलसमाधी मिळाली. दशक्रियेसाठी जमलेले ते नातेवाईक होते. नदी आपलीच होती.

बंदी असते का, ती कुठे पाहायची?

भुशीच्या घटनेनंतर पुणे जिल्हाधिकाऱ्यांनी अनेक पर्यटनस्थळांवर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाई आदेश काढले. जुन्या १४४ कलमाची जागा याच कलमाने घेतली आहे. असा आदेश मोडल्यास न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा नोंदवता येतो. गोव्यात जुलै २०२३ मध्ये दूधसागरला रेल्वेमार्गावरून चालत निघालेल्यांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. तो व्हिडिओ पाहून हसू येते, पण बंदीची माहिती रुळावर उभे राहिल्यावर कळून उपयोग नाही. सरसकट बंदी हा प्रशासनासाठी सोपा मार्ग आहे. वरच्या पठारावर पर्जन्यमापक आणि खाली भोंगा बसवणे तुलनेने अवघड, पण खरे काम तेच आहे. तोवर निघण्याच्या आदल्या दिवशी त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाचे पान आणि हवामान विभागाचा इशारा पाहावा लागतो. ऑरेंज अलर्टचा अर्थ अनेकदा २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिमी पाऊस असा असतो. ‘सचेत’ अ‍ॅपवर हे इशारे येतात. त्या दिवशी धबधबा बेतातून काढलेलाच बरा.

पाणी वाढणार हे कसे ओळखायचे?

स्वच्छ पाणी अचानक गढूळ होते, काड्या-पाने वाहत येतात, आवाज जड होतो. यातले एक जरी दिसले तरी पिशवी, चपला, मोबाइल न शोधता लगेच काठावर यायचे, आणि तेही ज्या काठावरून परतीची वाट आहे त्याच काठावर. पलीकडे अडकलेल्यांनी प्रवाह ओलांडण्याची घाई करू नये. उंच जागी थांबून ११२ वर फोन करावा. मुसळधार सर थांबली की डोंगरी ओढा बहुधा काही तासांत ओसरतो.

लहान मुले आणि आजी-आजोबा सोबत असतील तर वैभववाडीजवळचे नापणे पाहता येईल. तिथे २०२५ मध्ये काचेचा पूल झाला आहे, त्यामुळे धबधबा पाण्यात न उतरता वरून दिसतो.