भिंतीवर लावा यवतमाळ!

हॉलमध्ये न्यूयॉर्कची स्कायलाइन, बेडरूममध्ये आयफेल टॉवर. आणि आपलं गाव? ते फक्त आधार कार्डावर!

एक छोटीशी टेस्ट घ्या. ऑफिसातल्या पाच मित्रांच्या फ्लॅटवर जाऊन या आणि सोफ्याच्या वरच्या भिंतीकडे बघा. ब्लॅक अँड व्हाइटमधला ब्रुकलिन ब्रिज, लंडनची लाल बस, पावसात भिजलेलं पॅरिस. मॉलमधून उचललेली रेडिमेड फ्रेम. त्या पाचांपैकी चौघं न्यूयॉर्कला कधी गेलेले नसतात. पण गाव विचारा! कुणी दारव्ह्याचा, कुणी वणीचा, कुणी पुसदचा, कुणी खुद्द यवतमाळच्या दत्त चौकातला. मग गावाचा एक फोटो भिंतीवर का नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘आमच्या गावात फ्रेम करण्यासारखं काय आहे बे?’

हेच उत्तर खोडून काढायला हा लेख आहे.

आपल्या घरात फ्रेमला तशी कधी कमी नव्हती. राजा रविवर्म्यानं १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर आल्या. त्यांच्या शेजारी आजोबा आले, पण हार घालूनच. मग लग्नाचा फोटो, पदवीदानाचा फोटो. म्हणजे आपल्याकडे फ्रेम होते ती देवाची, नाहीतर देवाघरी गेलेल्यांची. गाव, गिरणी, स्टेशन, टीम यांना ती जागा आपण दिलीच नाही. कारखान्यांच्या शहरांमध्ये जगभर हा एक मस्त प्रकार आहे. शहराचा इतिहास, त्याची आकाशरेषा आणि त्याचा संघ, असे तीन फोटो एका भिंतीवर. तिथे त्यात कुणालाच लाज वाटत नाही.

क्लार्कनं काढलेलं शहर

उदाहरण मुद्दाम मँचेस्टरचं घेऊया, कारण आपला त्याच्याशी जुना हिशोब आहे. एल. एस. लौरी हा तिथला चित्रकार. नोकरी काय, तर भाडं वसूल करणाऱ्या कंपनीत! दिवसभर गल्ल्या तुडवायच्या, रात्री घरी येऊन चित्रं काढायची. १९५२मध्ये रिटायर होईपर्यंत त्यानं नोकरी सोडली नाही. धुरांडी, गिरण्यांचे भोंगे, मान खाली घालून चालणारी माणसं, हेच त्याचे विषय. त्याचं १९५३चं ‘गोइंग टू द मॅच’ हे चित्र बघा. बोल्टनच्या फुटबॉल मैदानाकडे निघालेली गर्दी आणि मागे कारखान्यांची रांग. इतिहास, स्कायलाइन आणि टीम, सगळं एकाच फ्रेममध्ये. २०२२मध्ये लिलावात त्याला ७८ लाख पौंड मिळाले, म्हणजे ७० कोटी रुपयांच्या आसपास. ते घेतलं कुणी? लौरीच्याच नावानं सॅलफर्डमध्ये उभ्या असलेल्या कलाकेंद्रानं, लोकांना बघता यावं म्हणून.

आपल्याकडेही सुधीर पटवर्धन आहेतच. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस करता करता त्यांनी मुंबई-ठाण्यातली कामगारांची शहरं रंगवली. तेव्हा ‘नोकरीतून वेळ कुठे मिळतो’ ही सबब आजपासून बंद! आणि ‘आमच्या गावात काय आहे’ हीसुद्धा. ऐका.

फ्रेम नंबर १ : शकुंतला

यवतमाळ ते मूर्तिजापूर. ११३ किलोमीटर. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही लाइन टाकली, ती काही आपल्या आजी-आजोबांना माहेरी पोचवायला नाही. ती होती कापसासाठी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर स्थिरावली. इथला कापूस मूर्तिजापूरला यायचा, तिथून मोठ्या लाइननं मुंबई बंदरात आणि मग बोटीनं थेट मँचेस्टरच्या गिरण्यांकडे.

गंमत म्हणजे त्या बदल्यात मँचेस्टरनं आपल्याला इंजिन पाठवलं. १९२१मध्ये तिथे बनलेलं वाफेचं इंजिन १९२३पासून या लाइनवर धावलं, ते थेट १५ एप्रिल १९९४पर्यंत. सत्तर वर्षं! त्यानंतर डिझेल आलं. देशातल्या बाकी रेल्वे कंपन्या सरकारजमा झाल्या, तरी ही लाइन मात्र खासगी मालकीचीच राहिली. लोकांनी तिला ‘शकुंतला’ म्हटलं आणि ती घरातली झाली. गाडी इतकी निवांत, की तिच्या वेगावरचे जोक्स प्रत्येक दारव्हेकराला पाठ.

आज शकुंतला धावत नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या ब्रॉडगेज लाइनचं काम सुरू आहे. त्यातल्या वर्धा-कळंब टप्प्याचं उद्घाटन २८ फेब्रुवारी २०२४ला झालं. नवी गाडी येईल, वेगानं येईल, आणि यायलाच हवी. पण जुन्या गाडीचे फोटो आहेत कुठे? कुणाच्या तरी काकांच्या अल्बममध्ये, प्लॅस्टिकला चिकटून बसलेले. गाडी थांबली की फोटो निघणंही थांबतं, हे आपल्या लक्षातच येत नाही. म्हणून ही फ्रेम पहिली.

फ्रेम नंबर २ : आमची स्कायलाइन

‘यवतमाळला कसली स्कायलाइन?’ असं म्हणणाऱ्यांनी दिवाळीनंतर कोणत्याही जिनिंगच्या आवारात जावं. दोन-दोन मजली उंच कापसाचे ढीग, वर चढलेली माणसं, गेटबाहेर ट्रॅक्टर आणि गाड्यांची रांग. सकाळच्या कोवळ्या उन्हात तो ढीग असा काही उजळतो की कोणताही फिल्टर लावायची गरज नाही. पांढरं सोनं उगाच नाही म्हणत.

फोटो काढताना थोडं गणितही माहीत असू द्या, पाहुण्यांवर इम्प्रेशन मारायला कामी येतं. १०० किलो कापूस जिनिंगमध्ये गेला की त्यातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुईची एक गाठ १७० किलोची. म्हणजे एका गाठीमागे साधारण पाच क्विंटल कापूस, आणि तो सगळा हातानं वेचलेला. यवतमाळच्या लोहाऱ्यात रेमंडचा डेनिमचा कारखानाही उभा राहिला. म्हणजे जीन्सचा जन्म शोधत अमेरिकेला जायची गरज नाही, थोडा भाग इथेही सापडेल.

वणीकडे गेलात तर चित्रच बदलतं. पांढऱ्याचं एकदम काळं! उकणी, कोलारपिंपरीच्या कोळसा खाणी आणि खाणीतून काढलेल्या मातीचे माणसानं रचलेले डोंगर. संध्याकाळी त्यांच्यामागे सूर्य गेला की दिसते ती खरीखुरी औद्योगिक आकाशरेषा. सुंदर म्हणावी की भकास, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण नजर हटत नाही.

आणि रंगीत हवं असेल तर नवरात्रातलं यवतमाळ. इथला दुर्गोत्सव बघायला लांबून लोक येतात. रोषणाईनं भरलेला रस्ता एखाद्या उंच गच्चीवरून टिपा आणि आडवी, लांबलचक फ्रेम करा. मॅनहॅटन विसराल.

इतिहासाचा कोपरा हवा असेल तर पुसद आहे. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली तिथे जंगल सत्याग्रह झाला. समुद्र शेकडो मैल लांब, मग मीठ कुठून उचलणार? म्हणून राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. वऱ्हाडी डोकं! अण्यांचा जुना फोटो आणि शेजारी आजच्या पुसदच्या टेकड्या, अशी जोडफ्रेम झकास दिसेल.

फ्रेम नंबर ३ : आपली टीम

मँचेस्टर युनायटेडचं पोस्टर लावणाऱ्यांची संख्या यवतमाळातही कमी नाही. चालेल, पण आपल्या टीमचं काय? १ जानेवारी २०१८ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून विदर्भानं पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. फैज फजल कॅप्टन, चंद्रकांत पंडित कोच आणि रजनीश गुरबानीची फायनलमधली हॅटट्रिक. ज्या टीमला वर्षानुवर्षं कुणी गंभीरपणे घेतलं नव्हतं, तिनं पुढच्या वर्षी करंडक राखला आणि २०२५मध्ये तिसऱ्यांदा जिंकला.

यात आपल्या जिल्ह्याचा माणूसही आहे. पांढरकवड्याचा अक्षय कर्णेवार. दोन्ही हातांनी बोलिंग टाकणारा! २०१९च्या इराणी करंडकात त्यानं शतक ठोकलं. आणि ८ नोव्हेंबर २०२१ला मणिपूरविरुद्धच्या टी-२० सामन्यात त्याचा स्पेल होता : ४ ओव्हर, ४ मेडन, ० रन, २ विकेट. पुरुषांच्या टी-२०मध्ये असं त्याआधी कुणीही केलेलं नव्हतं. हा आकडा नुसता मोठ्या अक्षरात छापून फ्रेम केला तरी पाहुणा विचारणारच, ‘हे काय आहे?’ आणि मग तुम्ही सुरू!

क्रिकेट नको असेल तर शंकरपट घ्या. विदर्भातली बैलांची शर्यत. धुळीचा लोट, सुटलेली जोडी आणि दोन्ही बाजूंना ओरडणारं गाव. २०१४मध्ये सुप्रीम कोर्टानं बंदी घातली, डिसेंबर २०२१मध्ये महाराष्ट्रात अटींसह पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये कोर्टानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला. प्राण्यांच्या बाजूनं मांडलेले आक्षेप आजही आहेत, ते माहीत असूनच फोटो लावा. शेजारच्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आलं होतं. जिमला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं!

पण फोटोत काय सुटतं?

आता थोडं सिरियस. जिनिंगचा ढीग सुंदर दिसतो, पण तो पिकवणाऱ्याच्या घरात काय चाललंय हे त्यात दिसत नाही. यवतमाळचं नाव गेल्या पंचवीस वर्षांत देशभर पोचलं, ते शकुंतलेमुळे किंवा रणजीमुळे नाही, शेतकरी आत्महत्यांमुळे. जुलै २००६मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात यवतमाळ होतं. २०१७मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन इथले शेतकरी-शेतमजूर दगावले. २०१९मध्ये यवतमाळला मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा त्याचं उद्घाटन आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीनं केलं होतं.

मग अशा जिल्ह्याचे फोटो सजावट म्हणून लावायचे का? प्रश्न रास्त आहे. एसी फ्लॅटमध्ये कापसाच्या ढिगाखाली बसून कॉफी पिणं कुणाला खटकू शकतं. पण उलटा विचार करा. यवतमाळ म्हटलं की बाहेरच्या कॅमेऱ्याला फक्त भेगाळलेली जमीन आणि रडणारा चेहरा हवा असतो. तेवढंच दाखवत राहणं हाही अन्यायच. इथे माणसं कमावतात, खेळतात, देवी बसवतात, भांडतात, सत्याग्रह करतात. लौरीनं मँचेस्टर गुलाबी रंगवलं नाही. धूर धुरासारखाच ठेवला, माणसं वाकलेलीच ठेवली. तरी त्या शहरानं ती चित्रं आपली मानली. म्हणजे गोडच दाखवलं पाहिजे असं नाही, पूर्ण दाखवलं पाहिजे.

सोपा उपाय सांगू? तीन फ्रेम लावणार असाल तर एक माणसाची लावा. वेचणी करणारे हात, गाठ बांधणारा कामगार, फाट्यावर गाडीची वाट बघणारी मावशी. विचारून काढलेला फोटो, आणि खाली एक ओळ : गाव, साल, काय चाललंय. मालाच्या ढिगामागे माणूस आहे, एवढं त्या ओळीनं भिंतीवर राहतं.

फ्रेम करायचीय? हे वाचाच!

▪ मूळ फोटो फ्रेम करू नका. आधी स्कॅन करा, मूळ प्रत कोरड्या जागी ठेवा, फ्रेम करा ती कॉपी.

▪ ए-३ साइजची चांगली प्रिंट हवी तर फाइल साधारण ३५०० बाय ४९०० पिक्सेलची हवी. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो एवढा मोठा करायला गेलात तर इंजिनाचा ढग होईल. मूळ फाइलच मागवा.

▪ काच फोटोला टेकता कामा नये, नाहीतर पावसाळ्यात चिकटते. मध्ये माउंट घाला, तोही अॅसिड-फ्री. साधा पुठ्ठा काही वर्षांत फोटो पिवळा करतो.

▪ ओल येणारी बाहेरची भिंत आणि थेट ऊन टाळा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना छोटे रबर लावा, हवा खेळती राहते.

▪ फ्रेमचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर. आपण सवयीनं देवाच्या फोटोसारखं छताजवळ टांगतो आणि मग मान वर करून बघतो!

▪ नेटवरून उचलून छापू नका. भारतात फोटोवरचा हक्क फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. गावातल्या फोटोग्राफरला विचारा, पैसे द्या, नाव लिहा.

▪ फ्रेम गावातल्याच दुकानात करून घ्या. देवाच्या तसबिरी करणाऱ्या काकांकडे सागवानी पट्टी मिळते का विचारा. मॉलपेक्षा स्वस्त पडण्याची शक्यता जास्त, आणि टिकाऊही.

तर पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा सोबत फक्त चिवडा आणि तुरीची डाळ आणू नका. काकांचा तो अल्बम उघडा, धूळ झटका, फोटोच्या मागे लिहिलेलं वाचा आणि काकांना विचारा, ‘हे कुठलं स्टेशन?’ सांगणारं माणूस समोर असतानाच विचारलेलं बरं. न्यूयॉर्क कुठे पळून जात नाही.