कांद्याचा कोंब आणि रेडिएशनची खोली

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात पावसाळ्यानंतर कोंब आलेल्या कांद्यांची पोती दिसतात. हे कोंब थांबवण्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला २००२ साली 'कृषक' केंद्र उभारलं. तिथे कोबाल्ट-६० चे गॅमा किरण कांद्याला ६० ते ९० ग्रे इतकी मात्रा देतात. कांदा तसाच राहतो, कोंब मात्र येत नाही. असं का?

किरण पेशीतल्या पाण्याचे रेणू फोडतात, डीएनएचे दोन्ही धागे तोडतात. कांद्याच्या मांसल पाकळ्यांतल्या पेशी आता विभागत नाहीत, त्यामुळे तुटलेल्या डीएनएचा त्यांना फारसा त्रास होत नाही. आतला डोळा मात्र विभागायला जातो आणि तिथेच मरतो. पेशी जितकी वेगाने विभागणारी, तितकी ती किरणांना नाजूक, हे बेर्गोनिये आणि त्रिबोंदो या फ्रेंच संशोधकांनी १९०६ मध्येच मांडलं.

आपल्या शरीरातही हेच घडतं. अस्थिमज्जा, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं आधी मार खातात. संपूर्ण शरीराला एकदम सुमारे ४ ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावू शकतात! म्हणूनच कॅन्सरच्या रेडिएशनमध्ये मात्रा गाठीपुरती ठेवतात आणि बहुधा रोज २ ग्रेच्या आसपास विभागून देतात. मधल्या तासांत निरोगी पेशी डीएनए दुरुस्त करतात; गाठीच्या पेशींना ते तितकं जमत नाही.

एक गैरसमज मला फार खटकतो. गॅमा किरण दिलेला कांदा किरणोत्सारी होत नाही, आणि बाहेरून रेडिएशन घेऊन घरी आलेला रुग्णही नाही. त्याच्याजवळ बिनधास्त बसा, नातवंडांनाही बसू द्या.